साया-ए-असली

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी. ए. उर्दू आणि इतिहास घेऊन केलं, बी. एड.ही त्याच विषयांत. नोकरीला लागले त्या दिवशी सदर मुदर्रिसांनी वेळापत्रक हातात ठेवलं. त्यात सहावी-सातवीचं सायन्स माझ्या नावावर होतं. "और कोई है नहीं बेटी, किताब पढ़ लेना, हो जाएगा," ते म्हणाले.

मी किताब वाचली. रात्री वाचायचं आणि सकाळी वर्गात बोलायचं. तबखीर म्हणजे काय, तकसीफ म्हणजे काय, याच्या व्याख्या फळ्यावरून वह्यांत जात आणि परीक्षेत जशाच्या तशा परत येत. निकाल चांगला लागे. मी चांगली टीचर आहे असा शाळेचा समज होता, आणि माझाही.

एका मार्च महिन्यात सहावीतली एक मुलगी उभी राहिली. सोलापूरचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. "टीचर, रात कू मटका पूरा भरको रखे थे. फजर में देखे तो दो उंगल कम. कोई पिया बी नै. पानी गया किदर?" तबखीरची व्याख्या हिनेच आठवड्यापूर्वी मला बिनचूक म्हणून दाखवली होती. पुस्तकातली तबखीर आणि तिच्या घरचा माठ यांचा काही संबंध आहे हे तिला कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही सुचलं नाही. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून आमच्या कोरड्या हवेत माठ गार पडतो आणि कोकणातल्या दमट हवेत तितका पडत नाही, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त म्हणाले, "सबक में ध्यान दे." ती बसली. पुन्हा तिनं कधी काही विचारलं नाही. सातवीनंतर तिची शाळा सुटली. हायस्कूल लांब, आई विड्या वळणारी, पाठची भावंडं लहान. आज बाजारात भेटली की सलाम करते. मी माठाचा विषय काढत नाही.

आपल्याकडे अशा वेळी सगळा दोष भाषेला देण्याची रीत आहे. मुलं घरी दखनी बोलतात, पुस्तक उर्दूत, आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण मराठीत आणि इंटरनेटवरचं सायन्स इंग्रजीत. अडचण खरीच आहे. हैदराबादच्या, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानं उर्दूतून सायन्स शिकवलं, त्यासाठी दारुत्तर्जुमा काढून हजारो शब्द घडवले. त्या परंपरेतले शब्द मुलांच्या जिभेवर जड होतात. पण मराठी शाळेतलं 'बाष्पीभवन' तरी कोणत्या घरात बोललं जातं? माझ्या मुलीला शब्द अडला नव्हता. तिनं तर शब्दाच्या पलीकडचं विचारलं होतं. अडले होते ते मी.

प्रशिक्षणं मी पुष्कळ केली. गटसाधन केंद्रात सतरंजीवर बसून, पुढे लॉकडाऊनच्या काळात २०२० मध्ये मोबाइलवर. सुलभक स्लाइड वाचत, आम्ही उतरवून घेत असू. 'कृतियुक्त अध्यापन' या विषयावर दिवसभर बसून व्याख्यान ऐकण्याची गंमत ज्यांनी अनुभवली आहे त्यांना जास्त सांगायला नको. चहा, हजेरी, प्रमाणपत्र. एकदा मी विचारलं, उर्दू शाळांसाठी हे साहित्य मिळेल का? उत्तर आलं, "मॅडम, सायन्सला भाषा नसते." वाक्य ऐकायला छान वाटलं.

मग एका डिसेंबरात पुण्याला तीन दिवसांच्या कार्यशाळेला नाव गेलं. तिथले सर निवृत्त शिक्षक. त्यांनी पहिल्याच सकाळी आम्हा चाळीस जणांना अंगणात नेलं, एक सरळ काठी ओळंब्यानं उभी केली आणि विचारलं, "बारा वाजता सावली कुठं असेल?" आम्ही सगळे बी. एड., डी. एड. झालेले. एका सुरात उत्तर दिलं, "पायाखाली." सर काही बोलले नाहीत. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायला लावली. बारा वाजले. सावली जवळजवळ काठीएवढी लांब, आणि उत्तरेकडे. सर्वांत आखूड झाली तीही बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. घड्याळ भारताच्या प्रमाणवेळेचं, सूर्य पुण्याचा. चाळीस मास्तर एका काठीपुढे नापास झाले.

मला शरम वाटली, आणि त्याबरोबर पाठीवरचं ओझं उतरल्यासारखंही झालं. सरांनी नंतर होशंगाबादच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. मध्य प्रदेशात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी काही खेडेगावच्या शाळांत तो सुरू केला. मुलांच्या पुस्तकात उत्तरंच छापलेली नसत; प्रयोग करून ती काढायची. आणि शिक्षकांचं प्रशिक्षण म्हणजे मुलांचे तेच प्रयोग त्यांनी आधी स्वतः करायचे, चुकायचं, भांडायचं. पुढे शेकडो शाळांत तो गेला. २००२ मध्ये सरकारनं बंद केला. का बंद केला, असं विचारल्यावर सर हसले आणि पुढच्या प्रयोगाला लागले.

जानेवारीत आमच्या शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी उभी राहिली. जुम्याला शाळा लवकर सुटते म्हणून आम्ही गुरुवार धरला. पहिल्या गुरुवारी सर्वांत आखूड सावली भरली ऐंशी सेंटिमीटर. मार्चच्या एकविसाव्या तारखेच्या आसपास बत्तीस. तोवर सकाळची शाळा सुरू झाली होती, तरी पाच-सहा पोरं दुपारी उन्हात परत येत. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ढगांतून जेमतेम ऊन मिळालं आणि पोरं ओरडली, सावली उलटी पडली! दहा सेंटिमीटर, दक्षिणेकडे. मलाही ते पाहिल्याशिवाय खरं वाटलं नसतं.

त्याआधीची, फेब्रुवारीतली गोष्ट राहिली. सर्वांत आखूड सावलीची वेळ पुढे सरकत बारा चाळीसपर्यंत आली, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "टीचर, ये तो जवाल है. मस्जिद में तख्ता लगा है." त्याचे दादा मोअज्जिन. दुसऱ्या दिवशी त्यानं नमाजच्या वेळांचा तक्ता उतरवून आणला. आमची वेळ आणि तक्त्यातली जोहरची वेळ यांत दोन-तीन मिनिटांचा फरक. कोण चुकलं? मी म्हणाले, मला माहीत नाही. वर्गात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. मुलगाच इमामसाहेबांकडून उत्तर घेऊन आला: तक्ता करणारे एहतियात म्हणून काही मिनिटं वाढवतात. शिवाय त्यांनी त्याला 'साया-ए-असली' शिकवला. ऐन दुपारची जी सावली उरते ती साया-ए-असली. असरची वेळ काढताना ती वजा करायची असते. म्हणजे आम्ही गुरुवारी जे मोजत होतो त्याला आमच्याकडे शेकडो वर्षं नाव होतं, आणि मी ते लहानपणापासून ऐकत आले होते. काठी लावून पाहिलं नव्हतं, इतकंच.

त्या वर्षी दोन मुली हे कोष्टक घेऊन तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला गेल्या. शेजारी दिवे लागणारी, पंखे फिरणारी मॉडेलं. आमची एक काठी आणि वही. परीक्षकांनी मराठीत विचारलं, "मध्यान्ह म्हणजे काय?" मुली गप्प. एकीनं धीर करून सांगितलं, "जवाल, सर." ते म्हणाले, "हा धार्मिक विषय झाला, विज्ञान कुठं आहे?" मोहल्ल्यातही एका पालकांनी मला आधी ऐकवलं होतं की नमाजची वेळ काठीनं तपासायची गरज नाही. दोघांनाही मला तेच सांगायचं होतं, पण शिक्षकानं मध्ये बोलायचं नाही असा प्रदर्शनाचा नियम. तेव्हा दुसरी मुलगी वही उघडून त्यांच्यापुढे धरत म्हणाली, "सर, आकडे बघा." त्यांनी पाहिले. दोन पानं उलटली. नंबर आला नाही. जाताना त्यांनी विचारलं, "ह्या नोंदी खरंच तुम्ही घेतल्या?" मुली बसमध्ये घरापर्यंत रागानं धुमसत होत्या. मला मात्र वाटलं, 'मध्यान्ह' हा शब्द मी त्यांना आधी द्यायला हवा होता. आता चारही भाषांतले शब्द वर्गाच्या भिंतीवर लावते. पण काठी आधी, शब्द नंतर.

सोलापुरात वर्षातून दोन दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. एक मेच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा पावसाळा. गेल्या ऑगस्टमध्ये सातवीचा सगळा वर्ग बारा वाजल्यापासून अंगणात उभा होता. साडेबारा. मोअज्जिनांचा नातू आभाळाकडे बघून दुआ मागत होता. ढग काही हलेनात. बारा चाळीसला मी म्हणाले, चला आत. वही जिच्याकडे होती ती मुलगी अजून लिहीत होती. मी वाकून पाहिलं. तारीख, वेळ, आणि सावलीच्या रकान्यात: अब्र था, साया नजर नहीं आया.

"सिफर लिखूं तो झूट होता ना टीचर?" ती म्हणाली.