नंबर घातलेल्या बाटल्या

घरात दारूची बाटली कधी न आलेली बाई फ्रान्समध्ये जाऊन वाईनची परीक्षक झाली, हे कळल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. प्राचार्यांनी हसत विचारलं, "मॅडम, रजेच्या अर्जात कारण काय लिहिणार?" मी 'कौटुंबिक' लिहिलं आणि ते खोटं नव्हतं. धाकटी बहीण माँपेलियेला द्राक्षवेलींवर संशोधन करते. 2025 च्या मार्चमध्ये तिच्याकडे ही माझी दुसरी खेप. पहिल्या खेपेत तिच्या नादानं घोट तोंडात घोळवून थुंकायची सवय लागली होती. या वेळी तिनं मला चव ओळखण्याच्या तीन संध्याकाळींच्या वर्गात रीतसर बसवलं आणि तिथल्याच सेंद्रिय वाईनच्या एका स्पर्धेत माझं नाव दिलं. फ्रान्सच्या नियमाप्रमाणे परीक्षकांत किमान दोन तृतीयांश लोक जाणकार लागतात. उरलेल्या जागी चोखंदळ ग्राहक बसवले तरी चालतं. त्या उरलेल्यांत मी.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा क्षणभर पलीकडे शांतता. मग कानडीत एवढंच आलं, "कुडीबेड, उगुळ." पिऊ नकोस, थुंक. पुढे वर्गातल्या शिक्षकांनी तासभर जे समजावलं ते सासूबाईंनी दोन शब्दांत सांगितलं होतं. सकाळभरात पंधरा वाईन तपासायच्या, त्या गिळल्या तर पाचव्यानंतर जीभ आणि डोकं दोन्ही कामातून जातात. म्हणून प्रत्येकाच्या पुढ्यात एक पिकदाणी असते. आपल्याकडे पानवाल्या आजोबांच्या उशाशी असायची तशीच, फक्त स्टीलची.

मला मात्र या सगळ्यात रस होता तो वेगळ्या कारणानं. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. 2010 साली युरोपात भारतीय द्राक्षांत सीसीसीचे अंश सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले, ते आपल्या भागातल्या अनेकांना आठवत असेल. वेलीची वाढ रोखून घड जास्त यावेत म्हणून वापरतात ते औषध. भावाचा माल त्यात होता. त्या वर्षी हातात आलेला पैसा सोसायटीच्या व्याजालाही पुरला नाही. तेव्हापासून भाऊ 'सेंद्रिय करू का' म्हणतो आणि दर ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला की गप्प होतो. मी निघताना त्यानं सांगितलं होतं, "अक्का, नुसती चव घेऊन येऊ नकोस. ते लोक केवड्याचं काय करतात तेवढं विचारून ये." केवडा म्हणजे पानामागं पांढरी बुरशी धरणारा रोग, ज्याला औषधाच्या दुकानात डाऊनी म्हणतात.

स्पर्धेची जागा म्हणजे एक मोठा हॉल, पांढरे टेबलक्लॉथ, पाणी, पावाचे तुकडे. प्रत्येक बाटलीवर गळ्यापर्यंत पिशवी चढवलेली आणि त्यावर नंबर. मालक कोण, गाव कुठलं, किंमत किती, काही कळू द्यायचं नाही. मला एकदम आपलं मूल्यमापन केंद्र आठवलं. कोड नंबर घातलेल्या उत्तरपत्रिका, समोर गुणांचा तक्ता, टेबलाला एक मुख्य परीक्षक. रंगाला इतके, वासाला इतके, चवीला इतके, एकूण परिणामाला इतके, शंभरापैकी. फरक इतकाच की आपल्याकडे सगळेच पास झाले तरी चालतात, तिथे आलेल्या वाईनपैकी तेहेतीस टक्क्यांहून जास्त वाईनना पदक द्यायचं नाही, असा कायदाच आहे. म्हणजे तीनातल्या दोघांना हात हलवत पाठवायचं हे आधीच ठरलेलं.

आमच्या टेबलावर आम्ही पाचजण. माझी फ्रेंच बेताची. शेजारच्या बाईंना इंग्रजी येत होतं म्हणून निभावलं. पण चवीचं बोलायची वेळ आली तेव्हा इंग्रजीही पुरेना. इंग्रजीत वाईनला 'ड्राय' म्हणतात, म्हणजे कोरडी. ओली वस्तू कोरडी कशी असेल, हे आपल्या माणसाला पटत नाही. गोड नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे आंबट, कडू आणि तुरट यांत कुणाची गल्लत होत नाही. तिथल्या नवशिक्यांची कडू आणि तुरट यात हमखास होते. लाल वाईन तोंडात घेतल्यावर हिरड्या आवळतात, जीभ खरखरीत होते, ते कच्च्या केळ्याचं, जांभळाचं, सुपारीचं तुरट. आमच्या घरात त्याला 'ओगरु' म्हणतात. मी वहीत मराठीत 'तुरट', कानडीत 'हुळी' आणि 'ओगरु' असं काय सुचेल ते लिहीत होते. शेजारच्या बाईंनी डोकावून विचारलं, ही लिपी एकच आहे का? लिपी एक, भाषा दोन, असं सांगितल्यावर त्यांना मोठी गंमत वाटली.

स्वयंपाकघरातलं नाक मात्र कामाला आलं. चौथ्या पेल्यात मला मिऱ्याचा वास आला आणि मी तसं लिहिलं. सिरा नावाच्या द्राक्षात तो येतो, आणि तो भास नव्हे. मिऱ्याला ज्या द्रव्यामुळे तो वास असतो तेच द्रव्य या द्राक्षाच्या सालीतही सापडलंय. सहाव्यात ओवा. टेबलावरचे म्हणाले, थाइम. माँपेलियेच्या आसपासच्या माळरानाला 'गारिग' म्हणतात. तिथे थाइम, रोझमेरी अशी झुडपं उगवतात आणि इथल्या लाल वाईनला त्या माळाचा वास येतो असं ते लोक अभिमानानं सांगतात. थाइममध्ये जे थायमॉल असतं ते आपल्या ओव्यातही असतं. तेव्हा आम्ही दोघंही बरोबर होतो.

वाद झाला अकराव्या बाटलीवर. रंग गढूळ, वास गोठ्याचा. चांगल्या अर्थानं नव्हे. जुनं खोगीर, घोड्याचा घाम, असे शब्द तिथे त्यासाठी वापरतात. एका रानटी यीस्टमुळे तो वास धरतो. वाईन टिकावी म्हणून त्यात गंधकाचं सल्फाइट घालतात. युरोपच्या नियमात साध्या कोरड्या लाल वाईनला लिटरमागे 150 मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे, सेंद्रियला 100. काहीजण त्याहून खूप कमी घालतात, काही अजिबात नाही. साधलं तर फळाचा जिवंतपणा राहतो, फसलं तर गोठा. टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ, स्वतः निवृत्त द्राक्षबागायतदार, म्हणाले की ही प्रामाणिक वाईन आहे, कुणीतरी औषधाशिवाय धडपडून केलेली, हिला काहीतरी द्या.

त्यांचा सूर मला ओळखीचा होता. 'मॅडम, मुलगी शेतमजुराची आहे, दोन मार्कांनी जातेय.' असं मी स्वतः कितीतरी ऐकलंय. पण इथे बाटलीवर नंबर होता आणि टेबलावरच्या पंधराही बाटल्या सेंद्रियच होत्या. म्हणजे धडपड सगळ्यांनीच केलेली. तिसरं पदक अकराव्याला दिलं तर ते चौदाव्याच्या किंवा दुसऱ्याच्या ताटातून काढून द्यायचं. आणि ज्यानं पदकाचं चिकट लेबल बघून बाटली घरी नेली, त्याला पहिल्या घोटाला गोठा लागला, तर तो माणूस पुन्हा सेंद्रिय म्हणून काही विकत घेणार नाही. मी कमी गुण दिले आणि का ते सांगितलं. तिघांचे गुण माझ्याजवळ होते. म्हातारबाबांनी खांदे उडवले, पावाचा तुकडा मोडला आणि बारावी बाटली पुढे ओढली.

अकरावा नंबर कुणाचा होता ते कळलं नाही, कळतही नाही. पुढे यादी छापली जाते ती पदकवाल्यांची. नापास झालेल्यांची नावं फक्त कार्यालयाला ठाऊक.

सेंद्रिय वाईन हा शब्दही तसा नवाच. युरोपात बाटलीवर असं छापायची मुभा 2012 च्या हंगामापासून मिळाली. त्याआधी 'सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली' एवढंच लिहिता येई. मळ्यात तीन वर्षं नियम पाळले की चौथ्या वर्षी शिक्का. त्या तीन वर्षांत खर्च सेंद्रियचा, भाव नेहमीचा.

रविवारी बहीण मला एका द्राक्षकरी कुटुंबाकडे घेऊन गेली, कॉर्बिएरच्या टेकड्यांत. वाटेत स्टेशनजवळच्या बागेत तिनं प्लांशाँचा पुतळा दाखवला. माँपेलियेचे हे प्राध्यापक. 1868 साली वेली कशानं मरतायत हे शोधायला मुळं उकरली आणि फिलॉक्सेरा हा बारीक किडा त्यांनी ओळखला. उपाय निघाला अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम. पुतळ्याच्या पायाशी एक शेतकरी त्यांना द्राक्षं देतोय. मी इतिहासाची, मला हे फार आवडलं. प्राध्यापकाला शेतकऱ्यानं द्राक्षाचा घड द्यावा, यापरता सत्कार कुठला! आमच्या तासगावची बागही उभी आहे ती डॉगरिज नावाच्या अमेरिकन खुंटावरच, फक्त कारण वेगळं, खारं पाणी आणि दुष्काळ. याच शहरात 9 जून 1907 ला लाखो द्राक्षकरी रस्त्यावर उतरले होते, साखरपाण्याच्या भेसळीनं भाव पाडला म्हणून. नार्बोनला सैन्यानं गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि त्याच महिनाअखेर भेसळीविरुद्ध कायदा झाला. पुढे कुठे भेसळीची बातमी वाचली की मला हे साल आठवेल.

मळा पाहिला आणि मला भावाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर न विचारताच मिळालं. वारा. त्याला तिथे त्रामोंतान म्हणतात. डोंगरातून कोरडा येतो तो दुपट्टा गळ्याला राहू देत नाही. पावसानं पान भिजलं तरी तासाभरात सुकवून टाकतो, आणि बुरशीला भिजलेलं पान लागतं. वेलीही मांडवावर नाहीत, कमरेएवढ्या झुडपासारख्या, मधे अंतर भरपूर, एकरी पीक थोडं. वर्षाला छाटणी एकच, हिवाळ्यात. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी, आणि नेमकी कोवळी पालवी परतीच्या पावसात सापडते.

त्यांचंही सगळं सुखाचं नाही. 28 जून 2019 ला याच भागात 46 अंश तापमान गेलं आणि वेलींवरचे घड भट्टीत घातल्यासारखे करपले. मी परत आल्यावर, त्या ऑगस्टमध्ये, कॉर्बिएरमध्येच वणवा लागून सोळा हजार हेक्टरच्या आसपास रान जळालं. वेल वाचली तरी द्राक्षाला धूर लागतो. आम्ही भेटलो ते कुटुंब सुखरूप आहे, असं बहिणीनं कळवलं. वाईनचा खप घटल्यामुळे सरकार हेक्टरी 4,000 युरो देऊन वेली उपटायला लावतंय, हेही मला त्या मळ्याच्या बांधावरच कळलं. शेजारच्या उतारावर मुळांचे ढीग रचले होते.

केवड्याला काय मारता, म्हणून विचारलं. त्या शेतकऱ्यानं शेडमधून निळ्या डागांची बादली आणून दाखवली. मोरचूद आणि चुना! कानडीत मैलुतुत्त. बोर्डो मिश्रण. वडील अर्धं आयुष्य हेच ढवळत होते. बोर्डोजवळच्या बागायतदारांनी रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून हे निळं पाणी उडवलं, आणि त्याच वेलींची पानं टिकली, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेत आलं. 1885 साली त्यानं ते जगाला सांगितलं. सेंद्रिय शेतीत तांबं चालतं. मात्र मोजून. तांबं जमिनीत साचतं, गांडुळांना बाधतं, म्हणून 2019 पासून युरोपात सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलोची मर्यादा आहे. त्यानं नोंदवही उघडून दाखवली. तारीख, वारा, पाऊस, तांबं किती ग्रॅम. निर्यातीसाठी भाऊ ठेवतो तशीच वही, फक्त अक्षर वाईट.

घरी येऊन भावाला सगळं सांगितलं. वाऱ्याचं ऐकून तो हसला. "तो काय कंटेनरमधून आणायचा?" मग गणित मांडायला बसला. हेक्टरी वर्षाला चार किलो तांबं, म्हणजे एकरी एक किलो सहाशे ग्रॅम. मोरचुदात तांबं चौथा हिस्सा, म्हणजे एकरी मोरचूद सव्वासहा-साडेसहा किलो. एक टक्का बोर्डोला शंभर लिटरला किलोभर, एकराला तीनशे लिटर लागतं.

"अक्का, दोन फवारण्यांत वर्षाचा कोटा संपला की."

"तिथे इतकं दाट नाही मारत."

"तिथे पाऊस नाही ना इतका. मला ऑक्टोबरात आठवड्याला दोन लागतात कधी कधी."

मग बराच वेळ काही बोलला नाही. आठ दिवसांनी फोन आला. सगळी बाग नाही, पण बेदाण्याच्या प्लॉटमधल्या अर्ध्या एकरावर प्लॅस्टिकचं छप्पर टाकून पान कोरडं ठेवता येईल का ते बघतोय. अँगल, तारा, कापड धरून दोन ठिकाणची कोटेशनं मागवलीत. एक आलंय, आकडा ऐकून वहिनी बोलेना झालीय.