तांब्याची तार आणि कांचेचा धागा

जुनी वस्तु टाकून नवी घेतांना मनुष्य प्रथम तिची किंमत विचारतो, आणि तें योग्यच आहे; कारण आमच्यासारख्या पगारदार गृहस्थास प्रत्येक रुपयाचा जाब महिनाअखेर द्यावा लागतो. परंतु किंमत विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न उरतो, व तो बहुधा विचारावयाचा राहून जातो. तो असा कीं, जुनी वस्तु मुकाट्यानें जें काम करीत होती, आणि ज्याचा उल्लेख कोणत्याही बिलांत नव्हता, तें काम नवी वस्तु करील काय? आमच्या खाप्याच्या घरांतील जुना टेलिफोन काढून त्याच्या जागीं इंटरनेटवर चालणारा स्वस्त टेलिफोन घेण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं आला, तेव्हां या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आमचे चार महिने गेले. वर्गांतील मुलांनीं या विषयासंबंधीं आम्हांस अनेक प्रश्न विचारले. म्हणून तो सारा विचार येथें क्रमानें मांडीत आहों.

आजच्या विद्यार्थ्यास टेलिफोन ही खिशांत घालण्याची वस्तु वाटते. ती तशी होण्यापूर्वीं तिला फार लांबचा प्रवास करावा लागला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस टेलिफोनचें पेटंट १८७६ सालीं मिळालें, आणि अवघ्या सहा वर्षांनीं, म्हणजे जानेवारी १८८२ मध्यें, कलकत्ता, मुंबई व मद्रास या शहरांत टेलिफोनचीं एक्स्चेंजें सुरू झालीं. परंतु शहरांतून लहान गांवांत येण्यास त्यास पुढें सुमारें शंभर वर्षें लागलीं. १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्यामध्यें ऑपरेटरच्या मदतीवांचून परगांवचा नंबर थेट फिरविण्याची सोय आपल्या देशांत प्रथम झाली. १९८४ सालीं सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, व तिनें खेड्यांतील धूळ आणि उन्हाळा सोसून वातानुकूलनावांचून चालतील अशीं लहान एक्स्चेंजें तयार केलीं. त्यानंतरच टेलिफोनची तार आमच्यासारख्यांच्या दारापर्यंत येऊं लागली.

खापा हें कन्हान नदीच्या कांठचें, सावनेर तालुक्यांतील गांव. येथें १८६७ सालापासून नगरपालिका आहे, आणि विणकरांचें गांव म्हणून त्याची जुनी ओळख आहे. १९९० नंतरच्या दशकांत, नांव नोंदवून दीर्घकाळ वाट पाहिल्यावर, आमच्या वडिलांच्या नांवें टेलिफोन मंजूर झाला. त्या दिवसापासून तो आमचा एकट्याचा राहिला नाहीं. गल्लींतील पांच-सात घरांनीं आमचा नंबर आपल्या नातलगांस दिला, आणि त्यापुढें ‘पी. पी.’ अशीं दोन अक्षरें लिहिलीं. म्हणजे हा फोन शेजाऱ्याचा आहे, घेणाऱ्यानें हांक मारून बोलवावें. भिवंडीस मागावर गेलेल्या मुलाचा फोन रात्रीं उशिरा, दर चौथाईवर आला कीं, येई; आणि आमचे वडील कंदील घेऊन त्याच्या आईस बोलावण्यास जात. कोणाच्या घरीं काय घडलें हें आम्हांस अशा रीतीनें सर्वांच्या आधीं कळे. परंतु ऐकलेली गोष्ट उंबरठ्याबाहेर न्यावयाची नाहीं, असा वडिलांचा दंडक होता.

पुढें काळ पालटला. १९९५ सालीं देशांत मोबाईल आला. २००३ सालच्या मे महिन्यापासून मोबाईलवर येणाऱ्या फोनचे पैसे घेणाऱ्यास द्यावे लागेनासे झाले, आणि ‘पी. पी.’ हीं अक्षरें पत्रिकांवरून नाहींशीं झालीं. कंदील घेऊन जाण्याचें कारण उरलें नाहीं. टेलिफोन मात्र राहिला. त्याचें भाडें व कर मिळून महिना सुमारें तीनशें रुपये आम्ही भरीत होतों. वर्षाचे साडेतीन हजारांवर होत. रस्ता खणला कीं केबल तुटे, पाऊस पडला कीं जोडांत पाणी शिरे, आणि तक्रार नोंदविल्यावर पंधरा-पंधरा दिवस यंत्र मुकें राही. लाइनमन भला गृहस्थ होता. तो एकदां आम्हांस म्हणाला, “मास्तर, आतां हें तांब्याचें कांहीं खरें नाहीं. मी जोडून देतों, पण पुढचा पाऊस मी थांबवूं शकत नाहीं.”

इकडे घरांत कांचेचा धागा आधींच आला होता. २०२० सालीं शाळा बंद असतां मुलांस घरून शिकवितां यावें म्हणून आम्हीं इंटरनेटची जोडणी घेतली होती. तिच्याच पेटींत टेलिफोनची वायर लावण्यास एक छिद्र असतें, व तेथें साधें यंत्र जोडल्यास देशभर कोठेंही बोलण्यास वेगळे पैसे पडत नाहींत, हें आम्हांस मागाहून समजलें. म्हणजे एकीकडे साडेतीन हजार रुपये आणि दुसरीकडे शून्य. हिशोबाच्या वहीपुरता निकाल तेथेंच लागला.

हा नवा टेलिफोन चालतो कसा, हें मुलांनीं समजून घेण्यासारखें आहे. जुन्या पद्धतींत आपल्या आवाजाचा कंप विजेच्या चढउतारांत रूपांतर पावून तारेंतून एक्स्चेंजपर्यंत अखंड वाहत जाई. नव्या पद्धतींत आवाज अखंड जात नाहीं. यंत्र प्रत्येक सेकंदास आठ हजार वेळां आवाजाचें माप घेतें आणि प्रत्येक माप अंकांत लिहितें. असें सामान्यतः एकशें साठ मापांचें एक पुडकें बांधलें जातें. म्हणजे सेकंदास पन्नास पुडकीं रवाना होतात. पन्नास पोस्टकार्डांवर एकच वाक्य तुकड्यातुकड्यांनीं लिहून तीं टपालांत टाकावींत, आणि घेणाऱ्यानें अनुक्रम लावून तें वाचावें, तसा हा प्रकार आहे. जें कार्ड फार उशिरां येतें त्याची वाट न पाहतां पुढचें वाचलें जातें. म्हणूनच जोडणी मंद असली कीं बोलणाऱ्याचे शब्द मध्येंच गळतात. हीं पुडकीं कांचेच्या धाग्यांतून प्रकाशरूपानें धांवतात. हा धागा केसाएवढा बारीक असतो. आमच्या गांवच्या विणकरास बारीक सुताचें नवल नसावें. परंतु या सुतावर संबंध गांवाचें बोलणें वाहून नेतां येतें, हें ऐकून आमचे एक वृद्ध विणकर शेजारी बराच वेळ स्तब्ध बसले.

आपल्या सरकारनें या पद्धतीस एकदम मोकळीक दिली नव्हती. २००२ सालच्या एप्रिलपासून संगणकावरून परदेशांतील टेलिफोनवर बोलण्याची मुभा मिळाली, परंतु देशांतल्या देशांत साध्या टेलिफोनवर इंटरनेटद्वारें बोलण्याचा मार्ग २०१८ सालीं मोकळा झाला. म्हणजे जी वस्तु आज फुकटासारखी मिळते तिच्यामागें सोळा वर्षांचा वाद व विचार आहे.

आतां अडचणीकडे वळूं. आमच्या मातोश्रींचें वय सत्तरीपलीकडे आहे. दृष्टि मंद झालेली आहे. आम्ही शाळेंत व मुलें कॉलेजांत गेल्यावर दिवसाचा पुष्कळ वेळ त्या घरीं एकट्या असतात. मोबाईलच्या गुळगुळीत कांचेवर त्यांचें बोट ठरत नाहीं. जुन्या यंत्राचीं बटणें मात्र त्यांस स्पर्शानें पाठ आहेत. जुन्या टेलिफोनचा आणखी एक गुण असा कीं, त्यास लागणारी वीज, सुमारें अठ्ठेचाळीस व्होल्टची, एक्स्चेंजांतील बॅटऱ्यांतून त्याच तारेनें येते. २००६ च्या पावसाळ्यांत एका रात्रीं वडिलांच्या छातींत कळ आली. सायंकाळपासून गांवांत दिवे नव्हते. त्या अंधारांत टेलिफोन तेवढा जिवंत होता. त्यावरून सावनेरच्या डॉक्टरांस बोलावितां आलें, आणि वडील त्यानंतर आणखी सात वर्षें आमच्यांत राहिले. कांचेच्या धाग्यांतून प्रकाश येतो, वीज येत नाहीं. घरचे दिवे गेले कीं पेटी बंद, आणि पेटी बंद कीं टेलिफोन बंद. जुनें यंत्र मुकाट्यानें जें काम करीत होतें तें हेंच होय, आणि बिलांत त्याचा आकार कधींच लावलेला नव्हता.

यावर उपाय निघाला. पेटीस सहा तास पुरेल अशी लहान बॅटरी आम्हीं विकत घेतली, आणि एका रविवारीं सायंकाळीं घराचा मुख्य खटका बंद करून अंधारांत मातोश्रींकडून तीन ठिकाणीं फोन लावून घेतले. तिन्ही लागले. यंत्रही जुनेंच ठेविलें. त्याची वायर भिंतींतून काढून पेटींत घातली, इतकेंच. लँडलाइनवरून मोबाईलला लावतांना आधीं शून्य दाबावें लागतें, हा २०२१ च्या जानेवारीपासूनचा नियम त्यांस ठाऊकच होता. ११२ हा संकटकाळचा नंबर नव्या जोडणीवरून लागतो कीं नाहीं, हेंही कंपनीस आधीं विचारून घेतलें. केवळ संभाषणाच्या ॲपवरून तो लागत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

इतकें झाल्यावरही मातोश्री जुनी जोडणी बंद करूं देईनात. कंपनी निराळी असल्यामुळें जुना नंबर नव्या पेटींत नेतां येत नव्हता. मोबाईलला ही सोय आहे, लँडलाइनला नाहीं. वडिलांच्या हातची टेलिफोनची वही काढून आम्हीं एकेकास नवा नंबर कळविला. कांहीं नंबर बंद झाले होते, कांहीं माणसें राहिलीं नव्हतीं. बाकीच्यांनीं नंबर उतरून घेतला. परंतु एका मनुष्याचें नांव वहींत असून त्यापुढची जागा कोरी होती. ते आमचे धाकटे मामा. तरुणपणीं घर सोडून ते मालवाहू ट्रकवर गेले. दोन-तीन वर्षांतून एकदां, दर वेळीं निराळ्या गांवाहून, त्यांचा फोन येई. “ताई, बरी आहेस ना?” इतकें विचारून ते ठेवून देत. त्यांस कळविण्याचा कोणताही मार्ग नव्हता. मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, “मग त्यानें फोन कोठें करावा?”

या प्रश्नापुढें साडेतीन हजार रुपयांची गोष्ट काढण्यास आम्हांस धीर झाला नाहीं. आम्ही भाडें भरीत राहिलों. तेवढ्यांत भाद्रपदाच्या पावसांत तार पुन्हां तुटली, आणि यंत्र तीन आठवडे मुकें झालें. एके दिवशीं सहज म्हणून आम्हीं मातोश्रींच्या शेजारीं बसून आपल्या मोबाईलवरून घरचा जुना नंबर लावला व मोबाईल त्यांच्या कानाशीं धरिला. पलीकडे घंटा व्यवस्थित वाजत होती. समोरच्या तिवईवरील यंत्र मात्र निश्चल होतें. फोन करणाऱ्यास जी घंटा ऐकूं येते ती आपल्या घरची नसते. ती एक्स्चेंजानें त्यास ऐकविलेली असते, आणि तार वाटेंत तुटलेली असली तरी ती वाजतच राहते.

मातोश्रींनीं घंटा शेवटपर्यंत ऐकली. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे त्यानें लावला असेल, तर बहीण घेत नाहीं असें त्याला वाटलें असेल.” आम्ही कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें त्याच म्हणाल्या, “बंद कर. नंबर नाहीं असें ऐकलें तर तो दुसरीकडे चौकशी तरी करील.”

दुसऱ्या दिवशीं आम्हीं अर्ज दिला. त्याबरोबरच मामा जेथें जेथें चौकशी करतील असें वाटलें तेथें तेथें नवा नंबर लिहून ठेविला: मंडळीच्या वहींत, चौकांतील किराणा दुकानांत, शेजारच्या चार घरीं, आणि नागपुरास ज्या ट्रान्सपोर्टच्या कचेरींत ते पूर्वीं काम करीत असत तेथें. एके काळीं आमच्या नंबरापुढें शेजारी ‘पी. पी.’ लिहीत असत. आतां आमचा निरोप सांभाळण्याचें काम त्यांच्याकडे गेलें, व त्यांनीं तें आनंदानें पत्करिलें. मामांचा फोन अद्याप आलेला नाहीं. नवी घंटा वाजली कीं मातोश्री स्वतः उठतात. इतर कोणी तो फोन घेत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, नव्याचें भय बाळगूं नये आणि जुन्याची मूर्तिही करूं नये. स्वस्त सोय मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी. बचतीचे पैसे घरांतच राहतात. परंतु घेण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावें, आणि जुन्या वस्तूचा त्यास काय उपयोग होता तें विचारावें. तें उत्तर हिशोबाच्या वहींत सांपडणार नाहीं. तें मिळाल्यावर बॅटरी घ्यावी लागेल, वही चाळावी लागेल, कदाचित् चार घरीं जाऊन नंबर लिहून द्यावा लागेल. तार तांब्याची असो वा धागा कांचेचा असो, तो आवाज नेण्यापुरता आहे. पलीकडच्या माणसास आपला पत्ता ठाऊक असावा, ही काळजी आपणच घेतली पाहिजे.