पाण्यातली तळमळ

मराठी संतकवितेतील मासोळी तळमळते ती पाण्याबाहेर. विरहाची ही उपमा शिकवताना मी नेहमी सांगतो, की 'जीवन' या एकाच शब्दात पाणी आणि प्राण असे दोन्ही अर्थ सामावलेले असल्यामुळे तिला एवढे बळ आले आहे. प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांशी झालेल्या बोलण्यानंतर मात्र ही उपमा माझ्यापुरती पूर्वीसारखी सरळ राहिलेली नाही. पाण्यात असूनही मासा तळमळत असेल तर?

ही तळमळ डोळ्यांना दिसत नाही. ती भक्षक पेशींत वाचावी लागते. शरीरात शिरलेले परके कण व जंतू गिळणाऱ्या या पेशींचे कार्य मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या डिंभात ओळखले. शतकभराने अमेरिकेतील व्हर्जिनियामधल्या एलिझाबेथ नदीत या पेशी प्रदूषणाच्या खुणा ठरल्या. लाकूड टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रिओसोटचे विषारी अंश त्या नदीच्या गाळात साचले होते. १९८० च्या दशकात वीक्स आणि वॉरिनर या संशोधकांनी तिथल्या माशांच्या भक्षक पेशी तपासल्या, तेव्हा त्यांची गिळण्याची क्षमता मंदावलेली आढळली. मासे काही आठवडे स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर ती सुधारली.

पाण्याचा नमुना त्या क्षणापुरते बोलतो. मासा त्या पाण्यात राहिलेला असतो. त्याच्या प्लीहेत, मूत्रपिंडात आणि यकृतात असणारे भक्षक पेशींचे रंगद्रव्ययुक्त पुंजके प्रदूषणाने वाढतात. पण ते उपासमारीने आणि वयानेही वाढतात. म्हणून तुलनेसाठी स्वच्छ पाण्यातला, त्याच जातीचा, त्याच वयाचा मासा लागतो. संदर्भ सोडून शब्दाचा अर्थ लावू नये, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, त्याहून हे वेगळे नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. विज्ञान या माशाला 'निर्देशक' म्हणते. मला तो साक्षीदार वाटतो. आणि बहुधा त्याची साक्ष मिळवण्यासाठी त्याचा जीव घ्यावा लागतो. निर्देशकाचे काम आकडा दाखवला की संपते; साक्ष ऐकणाऱ्यावर मात्र जबाबदारी येऊन पडते.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असे आपली भाषा बजावते. त्या म्हणीत मासा प्रबळ आहे आणि माणूस परका. आता वैर आपण पाण्याशीच धरले आहे आणि सोसतो आहे मासा. स्वच्छ पाण्यात त्याच्या पेशी पुन्हा कामाला लागतात, हा दिलासा खरा. पण नदीतल्या माशाला दुसऱ्या पाण्यात नेऊन ठेवणारे कोणी नसते.