पैसे एका खिशात, नेटवर्क दुसऱ्यात

बरीच वर्षं माझं मत पक्कं होतं: परदेशी निघताना फोनमध्ये भरपूर डेटा असला की झालं. नकाशा, भाषांतर, तिकिटं, पैसे, सगळं त्यातूनच. फॉरेक्स कार्ड, नोटांची पाकिटं, सुटी नाणी ही मागच्या पिढीची ओझी. यात थोडा पुणेरी तोराही होताच. सारसबागेसमोर पावभाजीचे पैसे कोड स्कॅन करून देणाऱ्याला बाकीचं जग मागासलेलंच वाटणार! 2021मध्ये भूतानात यूपीआय सुरू झालं, पुढे सिंगापूर, अमिराती, पॅरिसचा आयफेल टॉवर. या बातम्या मी मित्रांना अशा पाठवायचो, जणू मला त्याचं कमिशन मिळतं.

हे मत टोकियोत बदललं, आणि ते आईमुळे.

आईकडे स्मार्टफोन आहे, पण पैशांचा व्यवहार फोनवरून करायचा नाही हा तिचा नेम. वेगळं ई-सिमही तिने घेऊ दिलं नाही. "तू आहेस ना बरोबर?" म्हणाली. हानेदा विमानतळावर तिच्यासाठी वेलकम सुइका हे प्रीपेड कार्ड घेतलं आणि त्यात येन भरले. दुसऱ्या दिवसापासून स्टेशनच्या गेटमधून ती माझ्या आधी बाहेर. गेटवर उरलेली रक्कम दिसते, ती हिला तोंडपाठ. रस्त्यावरच्या यंत्रातून गरम कॉफी, कोपऱ्यावरच्या दुकानातून केळी, सगळं मला न विचारता. दुपारपर्यंत नकाशे आणि फोटोंनी माझ्या फोनची बॅटरी लाल झालेली असायची आणि मी पॉवरबँकेला बांधलेला. आईच्या कार्डाला ना चार्जिंग लागत होतं, ना रेंज.

सुइका 2001 सालची आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पैशांची नोंद कार्डातल्या चिपमध्येच असते, त्यामुळे गेटला त्या क्षणी कुठल्या बँकेला विचारावं लागत नाही. सेकंदाच्या पाचव्या हिश्शात हिशेब मिटतो, कारण टोकियोच्या गर्दीत एका गेटमधून मिनिटाला साठ माणसं जायला हवीत. आपलं नेहमीचं स्कॅन दर वेळी बँकेपर्यंत जाऊन येतं. त्यात कमीपणा नाही, पण त्याला आधी नेट लागतं. भारतात डेटा इतका स्वस्त आहे की पैसे आणि नेटवर्क यांची ही गाठ दिसतच नाही. परदेशात ती पहिल्याच दिवशी दिसते.

आता मी दोन्ही शक्य तितकं वेगळं ठेवतो. ई-सिम घरच्या वायफायवरच बसवून घेतो, कारण तिकडे उतरल्यावर ते बसवायलाही नेटच लागतं. भारतीय सिम फोनमध्येच राहतं, रोमिंग चालू पण डेटा बंद. दोन बँकांची दोन कार्डं दोन ठिकाणी. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू होऊन येतं, म्हणून परदेशी व्यवहारांची परवानगी निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये द्यायची. दुकानातल्या यंत्राने "रुपये की येन?" विचारलं तर येनच. रुपयात मोजलं की ओळखीचा आकडा बघून बरं वाटतं, पण दर यंत्रवाल्यांचा असतो आणि बहुधा महाग पडतो. शिवाय थोडी रोकड. रामेनच्या छोट्या दुकानांत दाराशीच कूपनाचं यंत्र असतं, आणि बऱ्याच यंत्रांना हजाराची नोट नाहीतर नाणीच लागतात. ती संपली तर सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममधून येन काढता येतात.

एका जागी मात्र माझं नवं मत लंगडं पडतं. कार्डाने ऑनलाइन काही घ्यायचं तर ओटीपी बहुधा भारतीय नंबरवरच येतो. म्हणजे पैसे पुन्हा नेटवर्कच्या दारात. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. ऑनलाइन बुकिंग घरूनच उरकतो, इतकंच.

वेलकम सुइकातली उरलेली रक्कम परत मिळत नाही, हे आईला परतीच्या दिवशी सांगितलं. "आधी सांगायचंस!" म्हणत तिने विमानतळावरच्या दुकानात बिस्किटांचे डबे निवडायला घेतले, आणि कार्डात कमी पडलेले येन माझ्याकडून रोख घेतले.