बागेतील वाटेकरी

आमच्या घराच्या मागील अंगास एक बाग आहे. बाग म्हटले की कारंजी, कापलेली हिरवळ आणि ओळीने लावलेले गुलाब डोळ्यांपुढे येतात. तसे आमच्याकडे काहीच नाही. एक जुना आंबा, एक पेरू, एक लिंबू, कढीपत्त्याची दोन झाडे, भिंतीलगत मेंदीचे कुंपण, विहिरीजवळ जास्वंद, पाण्याच्या टाकीवर चढलेली बोगनवेल आणि कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग, एवढाच तिचा पसारा. इंदूरच्या जुन्या वस्त्यांत अशी परसे पूर्वी घरोघर होती. आता त्यांपैकी बहुतेकांच्या जागी चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत.

ही बाग आमची आहे, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. खरेदीखतावर आजोबांचे नाव आहे, तेव्हा समजूत अगदीच चुकीची नव्हती. परंतु ज्यांनी हे खरेदीखत कधी वाचलेले नाही, असेही पुष्कळ वाटेकरी तेथे सुखाने नांदतात, हे मला हळूहळू कळू लागले.

पहाट होण्यापूर्वीच विहिरीच्या कठड्यावर बसून दयाळ शीळ घालू लागतो. उजाडले की सातभाईंची टोळी येते आणि सगळा पाचोळा उलथापालथा करून, आपापसांत भांडत, जशी आली तशी निघून जाते. जास्वंदीच्या फुलाला लोंबकळत शिंजीर आपली वाकडी चोच आत खुपसतो. पेरूवर पोपटांचा हक्क पहिला. ते अर्धा पेरू खातात आणि अर्धा खाली टाकतात, तो खारीच्या वाट्याला येतो. उन्हाळ्यातील दुपारी सारे जग निपचित पडले असता आंब्यावरून तांबटाची ‘टुक् टुक्’ तेवढी एकसारखी चालू असते. भिंतीच्या मोरीतून एक मुंगूस रोज ठरलेल्या वेळी आत येते आणि कोणाकडेही न पाहता पलीकडे जाते. त्याची ऐट एखाद्या तपासणी अधिकाऱ्यासारखी असते.

कढीपत्त्याची झाडे दोन का, असे मी एकदा आजोबांना विचारले. त्यावर त्यांनी मला एका पानावरची पक्ष्याची विष्ठा दाखविली आणि ती नीट पाहण्यास सांगितले. ती विष्ठा नव्हतीच. ती एका सुरवंटाची लहानशी काया होती! लिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या पिवळ्या-काळ्या फुलपाखराची ही पोरे लहानपणी असा वेष घेतात, त्यामुळे पक्षी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाली की ती हिरवी होतात आणि पानांत मिसळून जातात. “एक झाड आपल्या फोडणीला, आणि दुसरे यांना,” आजोबा म्हणाले. आईला ही वाटणी फारशी मान्य नाही, पण तिने त्या दुसऱ्या झाडाला कधी हात लावलेला नाही.

हे झाले आपणहून आलेले वाटेकरी. आम्ही स्वतः आणलेले दोन. मोती नावाचा कुत्रा एका पावसाळ्यात बाबांच्या मागून आला आणि राहिला. चिंगी नावाची मांजर माझ्या धाकट्या बहिणीने दप्तरात घालून आणली. दोघांवर घरातील सर्वांचा जीव आहे. मोती आता म्हातारा झाला आहे. तरी बागेची राखण आपल्याकडे आहे, हा त्याचा समज कायम आहे.

मोतीने बागेचा पहिला धडा एका भेकापासून घेतला. पहिल्या पावसानंतर मोठाले भेक ढिगाखालून बाहेर पडतात. मोतीने त्यांतील एकास तोंडात धरले मात्र, तोच तो मागे सरला आणि त्याच्या तोंडास फेस आला. आम्ही घाबरून गेलो. आजीने नळाच्या पाण्याने त्याचे तोंड पुन्हापुन्हा धुतले आणि बाबांनी त्याला पशुवैद्यांकडे नेले. भेकाच्या डोळ्यांमागे ज्या फुगीर ग्रंथी असतात, त्यांतून विषारी द्रव पाझरतो, हे त्या दिवशी आम्हांस समजले. मोती बरा झाला. तेव्हापासून भेक दिसला की तो सभ्य गृहस्थाप्रमाणे वाट सोडून देतो.

या भेकांचे माहेर म्हणजे आजोबांचा खताचा ढीग. पाचोळा, भाज्यांची साले, शेण, राख आणि माती यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे, मधूनमधून ढीग उलटायचा, आणि सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत तयार! साऱ्या जगात ही रीत आपल्या गावाच्या नावाने, ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, याचा आजोबांना मोठा अभिमान. अल्बर्ट हॉवर्ड हे शास्त्रज्ञ १९२४ पासून १९३१ पर्यंत येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’त होते. आज त्या ठिकाणी कृषी महाविद्यालय आहे. शेतकऱ्यांच्या चालीरीती पाहून आणि प्रयोग करून त्यांनी ही पद्धत बसविली आणि आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्याही आधी, १९१८ मध्ये, होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिणारे पॅट्रिक गेडीस हेही मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. आपले शहर आज स्वच्छतेसाठी नावाजले जाते आणि येथील सिरपूर तलाव २०२२ पासून जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. परंतु शहरातील पाखरांना केवळ तलाव पुरत नाही. तलावापासून घरापर्यंत मध्ये मध्ये टेकायला एखादे मेंदीचे कुंपणही लागते.

ढिगात गांडुळे आली, म्हणून दयाळ आला. उष्टे-खरकटे शोधीत उंदीर आले आणि उंदरांमागून एके दिवशी सात फुटांची धामण आली. मोतीने भुंकून आळी गोळा केली. काठ्या निघाल्या. आजोबा ढिगापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “ही बिनविषारी आहे. हिला मारल्यावर उंदीर कोण खाणार, तुम्ही?” लोक हसले आणि काठ्या खाली आल्या. तेवढ्यात धामण भिंतीवरून निघूनही गेली. आजोबांनी त्या रात्री ढिगात खरकटे टाकणे मात्र बंद केले. साप ओळखता आला नाही तर दूर राहावे आणि सर्पमित्रास बोलवावे, हेही त्यांनी आम्हांस बजावले.

अशा गोष्टी ऐकत मी वाढलो. त्यामुळे पशुपक्ष्यांवर माझे फार प्रेम आहे असा माझा समज झाला होता. त्या समजाची परीक्षा गेल्या वर्षीच्या चैत्रात झाली.

मेंदीच्या कुंपणात, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, बुलबुलांच्या जोडीने घरटे केले. काड्यांची, बारीक मुळ्यांची, वाटीएवढी ती ओंजळ होती. तिच्यात गुलाबी रंगाची, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी होती. माझ्या आनंदाला सीमा राहिली नाही. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर, क्लासला जाताना आणि तेथून परत आल्यावर, मी दिवसातून दहा वेळा फांद्या बाजूला सारून घरट्यात डोकावू लागलो. मित्रांना आणून दाखवू लागलो. सुमारे दोन आठवड्यांनी अंड्यांतून तीन उघडी, आंधळी पिले बाहेर आली. मी वहीत त्यांची रोजची वाढ टिपू लागलो. प्रत्येक वेळी चिंगी माझ्या पायांत घोटाळत असे. तिच्या या मायेचे मला कौतुकच वाटे.

पिलांच्या दहाव्या दिवशी पहाटे बुलबुलांच्या आक्रोशाने मला जाग आली. मी दार उघडले. उंबरठ्यावर एक पिलू मरून पडले होते आणि त्याच्याजवळ चिंगी बसली होती. तिने ते मला भेट म्हणून आणावे तसे आणले होते. कुंपणापाशी गेलो, तर घरटे तिरपे झाले होते आणि त्यात काहीही नव्हते.

मी चिंगीला मारले. तोवर मी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. ती पळाली नाही. नुसती अंग चोरून माझ्याकडे पाहात राहिली. आपले काय चुकले हे तिला खरोखरच कळत नव्हते. आजोबांनी माझा हात धरला. “तिला मारून काय उपयोग?” ते शांतपणे म्हणाले, “घरट्याची वाट तिला कोणी दाखविली?”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बुलबुलांची जोडी चोचीत किडे घेऊन त्या रिकाम्या घरट्याशी येत होती. मला ते पाहवेना आणि तेथून हलवेही ना. ज्या वहीचा मला एवढा अभिमान वाटे, तीतील एकेक नोंद म्हणजे चिंगीसाठी घरट्यापर्यंत पाडलेली पायवाट होती.

रात्री घरात सभा भरली. चिंगीला धान्याच्या मंडईत नेऊन सोडावे, तेथे उंदीर पुष्कळ आहेत, असे आईचे मत पडले. बहीण रडू लागली. रागाच्या भरात मीही आईच्या बाजूचा होतो. आजोबा पुष्कळ वेळाने बोलले. “मंडईतही चिमण्या आहेत, पारवे आहेत. आपल्या डोळ्यांआड झाले म्हणजे पाप टळले असे होत नाही. आणि घरात वाढलेली ही, तेथल्या कुत्र्यांपुढे किती दिवस जगेल? बुलबुल येथे आपणहून आले. चिंगीला आपण आणले. ज्याला आणले त्याला टाकायचे नाही, आणि जे आपणहून आले त्यांना आपल्या आणलेल्याचे भय होऊ द्यायचे नाही. दोन्ही भार आपलेच.”

पुढे शाळेत जीवशास्त्राच्या बाईंनी एक हकिकत सांगितली. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स नावाच्या लहानशा बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झाले. त्या सुमारास माणसांबरोबर मांजरेही तेथे पोहोचली. त्या बेटावर उडता न येणारा एक चिमुकला रेन पक्षी होता. काही वर्षांतच तो पृथ्वीवरून कायमचा नाहीसा झाला. हे ऐकत असता माझ्या डोळ्यांपुढे समुद्र नव्हता; आमचे मेंदीचे कुंपण होते.

आम्ही नियम केले. पाखरांच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे होळीपासून पावसाळा संपेपर्यंत, पहाटे आणि तिन्हीसांजा चिंगी घरात राहील. पिले घरट्यात असतील तेव्हा ती दिवसभर घरातच राहील. बाहेर सोडण्यापूर्वी तिला पोटभर खाऊ घालायचे. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी, हा उंदरांना न सुटलेला प्रश्न आजीने सोडविला: तिने इलॅस्टिकच्या पट्टीला घुंगरू शिवून दिले, म्हणजे पट्टी फांदीत अडकली तरी मान मोकळी होईल. घुंगराने सारेच पक्षी वाचतात असे नाही. म्हणून दार बंद ठेवणे हाच खरा उपाय. पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे झुडपापासून दूर, उघड्यावर ठेवले, म्हणजे मांजराला दबा धरता येऊ नये. पशुवैद्यांकडून चिंगीची नसबंदी करून घेतली. आणि एक नियम केवळ माझ्यासाठी: घरट्याजवळ जायचे नाही.

यांपैकी शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण गेले, हे मी कबूल करतो. चिंगीने पहिले आठ दिवस दाराशी बसून ओरडून घर डोक्यावर घेतले. नंतर खिडकीत बसून बाहेर पाहण्यात ती रमली. माझी तगमग मात्र पुष्कळ दिवस चालू होती.

ज्येष्ठाच्या प्रारंभी बुलबुलांची एक जोडी बोगनवेलीत काड्या नेऊ लागली. तीच जोडी की दुसरी, कोण जाणे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, बाबांच्या दुर्बिणीतून पाहात असे. अंडी किती होती, हे मला माहीत नाही. वहीत त्या महिन्याची पाने कोरीच आहेत. एका सकाळी, पहिला पाऊस पडून गेल्यावर, वेलीखाली आखूड शेपटीचे एक पिलू बसलेले दिसले. पूर्वी मी धावत जाऊन त्यास उचलले असते. आता मला ठाऊक होते की, नीट उडता येण्यापूर्वीच ही पिले घरटे सोडतात आणि आईबाप त्यांना काही दिवस जमिनीवर, झुडपांत भरवीत असतात. त्यांना उचलू नये. कुत्र्यामांजरांना तेवढे आवरावे. मी मोतीला आत बोलाविले आणि दाराला कडी लावली.

चिंगी खिडकीत होती. मी तिच्याजवळ बसलो. आम्ही दोघे एकाच पिलाकडे पाहात होतो, कदाचित निराळ्या हेतूंनी. थोड्या वेळाने बुलबुल आला, त्याने पिलाच्या चोचीत काही घातले आणि ते दोघेही फांद्यांत दिसेनासे झाले.

बाग आमची आहे, असे मी अजूनही म्हणतो. मात्र आता ‘आमची’ म्हणताना मी मोजणी जरा मोठी करतो. आणि ज्यांच्यावर आपले प्रेम आहे त्यांच्या जवळ जाणे हेच नेहमी प्रेमाचे लक्षण असते असे नाही. कधीकधी दोन पावले मागे सरून दार लावून घेणे, हेही प्रेमच असते. हा धडा मला तीन पिलांच्या मोलाने मिळाला. वाचकांपैकी कोणास तो याहून स्वस्तात मिळाला, तर हे लिहिल्याचे सार्थक होईल.