धुराचा काटा

कांदा-द्राक्षं वाहायला आम्ही जुना टर्बो ट्रक घेतला होता. माल घेऊन वाशीला जायचं आणि येताना जे भाडं मिळेल ते भरून कसारा घाट चढायचा. भरली गाडी घाटात दम धरीना, म्हणून मी मिस्तरीला सांगून पंपाचं डिझेल वाढवून घेतलं. धूर काळा निघू लागला, पण गाडी पळू लागली. मी खूश.

एका उन्हाळ्यात द्राक्षमंडपाचे लोखंडी अँगल भरून येताना इंजिन घाटातच गेलं. डायव्हर म्हणाला, "नाना, पाण्याचा काटा मधीच होता. मी पाहू राहिलो होतो ना!"

माझा विश्वास बसला नाही. दोन महिन्यांचा पगार कापला आणि त्याला घरी बसवलं.

नाशिकच्या दुसऱ्या मिस्तरीनं हेड उघडलं. एका पिस्टनचं डोकं मेणासारखं वितळलेलं. त्यानं एवढंच विचारलं, "पंप कोणी वाढवला?"

मी गप्प.

मग त्यानं समजावलं. पाणी सावकाश तापतं, आतली आग त्याच्या कितीतरी आधी वाढते. डिझेल जास्त आणि हवा अपुरी झाली, की धूर भयंकर तापतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि नुसतं ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. धूर ७०० च्या वर फार वेळ राहिला की पिस्टनची खैर नाही. म्हणून धुराचाच काटा पाहिजे. त्यानं टर्बोच्या अलीकडे, मॅनिफोल्डला भोक पाडून थर्मोकपल बसवलं. टर्बोच्या पलीकडे बसवलं तर धूर थोडा निवलेला असतो, काटा कमी दाखवतो. पंपही पहिल्यासारखा करून दिला.

पुढच्या खेपेला मी स्वतः केबिनमध्ये बसलो. घाट लागला. ४५०, ५५०, ६५०. नव्या डायव्हरनं गिअर उतरवला, पाय सैल केला, तसा काटा लगेच खाली आला. पाण्याचा काटा मात्र जागचा हलला नव्हता. इगतपुरीला चहाला थांबलो, तर त्यानं चावी फिरवली नाही. टर्बो मिनिटाला लाखभर फेरे घेतो. तापलेला असताना इंजिन बंद केलं तर त्याचं तेल थांबतं आणि आतलं तेल जळून जातं. धूर २०० च्या खाली आला तेव्हाच त्यानं गाडी बंद केली.

चहा काही गोड लागला नाही. तो पहिला माणूस खरं बोलला होता. त्याच्यासमोर काटाच चुकीचा होता, आणि आग लावली होती मी.

दुसऱ्या दिवशी कापलेले पैसे घेऊन त्याच्या घरी गेलो. तो दुसऱ्याच्या बागेत फवारणीला जात होता. पैसे हातात ठेवले, चुकलो म्हणालो. त्यानं नोटा न मोजता खिशात घातल्या. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग म्हणाला, "नाना, आता घाटात काटा कितीवर जातो?"