दुसऱ्याच्या पहाऱ्यात

शिडाच्या नौकेवर शिकायला गेलेल्या माणसाला वाटतं, सुकाणू धरता आलं की निम्मं जिंकलं. पण सुकाणू हाताला लवकर कळू लागतं. दोर, गाठी, शिडं ओढणं, तेही अंगवळणी पडतं. मला सगळ्यात उशिरा जमली ती झोप.

आमची सफर मुंबईहून गोव्याला, समुद्रमार्गे २०० सागरी मैलांहून थोडं जास्त. ताशी पाच मैलांचा वेग मिळाला, तर दोन दिवस आणि बहुधा दोन्ही रात्री पाण्यावर. डाव्या हाताला कोकण सरकत राहतं: खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग, मग रत्नागिरीच्या दीपगृहाचा झोत. जानेवारीत दुपारी वायव्येचा वारा उठतो आणि दक्षिणेला निघालेल्या नौकेला उजव्या खांद्यामागून ढकलतो. रात्री जमीन समुद्राआधी निवते, मतलई सुटते आणि शिडं बाजू बदलतात. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत पाठ केले होते. या दोन वाऱ्यांच्या वेळा सांभाळत याच किनाऱ्यावर गलबतं ये-जा करत, हे मात्र डोक्यावरचं शीड फडफडून दुसऱ्या अंगाला फुगलं तेव्हा उमजलं. मतलईबरोबर शेकोटीच्या धुराचा, दवात भिजलेल्या मातीचा वास येतो. किनाऱ्यावरचे दिवे दिसेनासे झाले, तरी जमीन कुठे आहे हे नाकाला कळतं.

चार तास पहारा, चार तास विश्रांती. शिकाऊ माणसाबरोबर कुणीतरी जुनं बसतं. होकायंत्राच्या काट्यावर डोळे खिळवले की नौका नागमोडी जाते, कारण काटा हलल्यावर आपण हलतो आणि तोवर उशीर झालेला असतो. "काटा सोड," स्किपर म्हणाले, "समोर तारा बघ आणि त्याच्यावर नौकेची नाळ धर." समोर अगस्ती होता, दक्षिणेला, क्षितिजापासून फार वर नाही. तोही सरकतो, म्हणून थोड्या थोड्या वेळानं काटा पाहून नवा तारा निवडायचा. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीनं समुद्रावर वाट दाखवावी, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पण ताऱ्याकडे बघत राहायची चैन नसते. पाण्यावर मच्छीमारांच्या जाळ्यांचे बारके दिवे लुकलुकत असतात. जाळं सुकाणूत किंवा पंख्यात गुरफटलं तर नौका अडकतेच, शिवाय कुणा कोळ्याची कमाई फाटते. दूरचा हिरवा दिवा लाल झाला की ट्रॉलरनं तोंड फिरवलं, एवढं ओळखावं लागतं. पहारा बदलताना हे सगळं तोंडी सोपवायचं: "एकशे पासष्टवर चाललोय. डावीकडे तीन ट्रॉलर, मधला आपल्या वाटेवर येतोय. वारा पडतोय."

आणि मग खाली जाऊन झोपायचं. कानाशी बोटीची पातळ भिंत, तिच्या पलीकडे वाहतं पाणी. वर दोर करकरला की मी उठून बसायचो. मधला ट्रॉलर गेला असेल का? माझ्या जागी बसलेल्याला तो दिसला असेल का? ही काळजी जबाबदारीची आहे असं मी स्वतःला सांगत होतो, पण खरं तर तो अविश्वास होता. दुसऱ्या रात्री सुकाणूवर असताना खालून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज आला. तो माणूस माझ्या डोळ्यांवर विसंबून गाढ झोपला होता. इतका विश्वास मी कुणावर टाकला होता का? पहारा संपल्यावर खाली गेलो आणि थेट हाक आल्यावरच जागा झालो.

दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'वर एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेवर कुठेही न थांबता फिरून आले. ज्याला पहारा सोपवायचा असा दुसरा माणूसच बोटीवर नसतो, तेव्हा झोप ही तुकड्यातुकड्यांनी घ्यायची गोष्ट होते. ते धैर्य माझ्या आवाक्यापलीकडचं आहे. मला जास्त जवळची वाटते ती 'तारिणी'. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी या नौकेवरून २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या, केप हॉर्नला वळसा घालून २९ मे २०२५ ला गोव्यातच परतल्या. सुमारे आठ महिने, दोघीच. दक्षिणेच्या वादळी समुद्रात एक वर असताना दुसरीनं डोळे मिटले असतील. त्या भेटल्या तर लाटांची उंची मी विचारणार नाही. एवढंच विचारेन, एकमेकींच्या पहाऱ्यात पहिल्यांदा शांत झोप कितव्या रात्री लागली?